आधी गोठा, मग दर्या

त्या पोरानं मला सगळा मुलूख दाखवला, पण आपलं घर काही दाखवलं नाही. आता ह्याला काय म्हणायचं? दर रविवारी दिवेलागणीच्या आधी फोन लागायचा आणि फोनमध्ये हा तांबड्या दाढीचा गडी वाऱ्यात उभा. "नमस्कार, आज्जी." तेवढं माझ्या नातीनं शिकवलेलं. मग एक दगड, नाहीतर एक कडा, नाहीतर नुसता समुद्र. मी काय सहलीला निघालेली बाई होते? मी स्थळ बघायला बसले होते!

नात म्हणजे स्नेहल, माझ्या बाळासोची थोरली. उचगावात आमचा म्हशींचा गोठा, पोरगी दुधातच वाढली, शिकलीही दुधाचंच. पुढच्या शिक्षणाला स्कॉटलंडला गेली. त्या देशाच्या अगदी वरच्या टोकाला समुद्रात बेटं आहेत, ऑर्कनी म्हणतात. तिथं चीजच्या कारखान्यात ती दूध तपासायला लागली. एका शेतकऱ्याच्या गोठ्यातलं दूध त्या कारखान्यात यायचं, त्याचा हा मुलगा, एरलंड. तो स्वतः बेटाबेटांमधल्या बोटीवर कामाला. दुधाच्या कॅनवरनं ओळख झाली आणि गाडं लग्नापर्यंत आलं.

गेल्या वर्षी पोरगी गणपतीला आली तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "आज्जी, तू व्हय म्हणलीस तर ह्येच्याशी लगीन करतो. न्हाय म्हणलीस तर न्हाय करत. पण मग मला दुसरं स्थळ दावायचं न्हाय कुणी. कधीच."

आमच्याकडं बायका 'करतो'च म्हणतात, तुम्ही हसू नका. तिची आई वर्षाराणी भाकरी थापता थापता थांबली. बाळासोनं माझ्याकडं बघितलं आणि हात झटकले. "आई ठरवंल."

म्हणजे पोरीचा जन्म माझ्या जिभेवर ठेवून सगळे मोकळे.

मी कुणाचं स्थळ कसं बघते हे सगळ्या भावकीला माहीत आहे. पुढच्या दारानं मी जातच नाही. सोफा, टीव्ही, भिंतीवरचे फोटो बघायला बाप्ये असतात. मी मागनं जाते. गोठ्यात शिरायचं, जनावराच्या बरगडीवर हात ठेवायचा, पाण्याची टाकी बघायची, शेवाळ धरलंय का. मग घरात जाऊन तांब्याभर पाणी प्यायचं. आणि निघताना शेजारणीला विचारायचं. गारगोटीकडं माझ्या भाचीला एक स्थळ आलं होतं, घर असं की पायाखालच्या फरशीत तोंड दिसावं. मागं गोठ्यात वासराच्या गळ्यातलं दावं कातडीत रुतलेलं. चहा न पिता उठले मी. त्यांनी वर निरोप धाडला की म्हातारीला फरशी बघवली नाही.

आता समुद्रापलीकडच्या गोठ्यात मी कशी शिरणार? माझ्या गुडघ्यांना उचगावच्या फाट्यापर्यंत जायचं म्हटलं तरी घाम फुटतो. मग फोनवरच बघायचं ठरलं. मी स्नेहलला म्हटलं, "त्याला म्हणावं, आमच्या आज्जीला तुमचं ठिकाण दावा."

त्यानं पहिल्या रविवारी दाखवले उभे दगड. माळावर गोल करून रोवलेले, पुरुष-दीड पुरुष उंच, सपाट, फरशी उभी केल्यासारखे. दोन्हीकडं पाणी आणि खाली जांभळं गवत.

"आज्जी, पाच हजार वर्षांचं हायत," स्नेहल म्हणाली.

"कुणी रोवलं?"

"कुणालाच ठावं न्हाय."

"मग शेंदूर कसा न्हाय लावला कुणी?"

स्नेहलनं त्याला सांगितलं. तो हसला आणि दगडाकडं असा बघत राहिला की ह्याला शेंदूर बरा दिसला असता. इथं मला पोरगा थोडा आवडला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या खेपेला बोटीवरनं एक सुळका दाखवला. समुद्रातनं सरळ वर आलेला, एकटा. लोक दोर लावून त्याच्यावर चढतात म्हणाला.

"वर काय हाय?"

"काय न्हाय, आज्जी."

"मग?"

"चढायचं आन उतरायचं."

आपल्याकडं जोतिबाला चढायला निदान जोतिबा आहे.

एकदा पत्र्याच्या शेडमधलं देऊळ दाखवलं. लढाईतले इटलीचे कैदी त्या बेटावर ठेवले होते, त्यांनी राहायच्या दोन शेडी जोडून आत देऊळ केलं. खाऊन टाकलेल्या डब्यांच्या पत्र्याचे दिवे, आणि भिंती अशा रंगवल्या की कोरीव दगड वाटावा. ते मात्र मी दोनदा बघितलं. माझं माहेर हुपरीचं, घराघरात चांदी ठोकणारी माणसं. हाताचं काम मला कळतं. पण ते देऊळ कैद्यांचं होतं, एरलंडच्या बापाचं नव्हतं.

बाळासो तर पार फितूर झाला. त्याला एरलंडनं तिथल्या मोठ्या गावातला खेळ पाठवला. नाताळात आणि नव्या वर्षाला अख्खं गाव दोन बाजू करून एका चामडी चेंडूमागं रस्त्यात भिडतं. दुकानांना फळ्या ठोकतात, माणसांच्या अंगाची वाफ निघत असते थंडीत, आणि चेंडू तर कुणाला दिसतच नाही. कुठल्या बाजूनं खेळायचं ते जन्मावर ठरलेलं, वरच्या आळीचा वरच्या आळीकडनं, खालच्या आळीचा खालच्या आळीकडनं.

"आई, ही तर आपल्या पेठांची फुटबॉलची मॅच!" बाळासो मांडीवर थाप मारून ओरडला. "गडी आपलाच हाय. करून टाक."

"चेंडूवर पोरगी देतोस व्हय रं?" मी म्हटलं. तरी व्हिडिओ त्यानं दूध घ्यायला येणाऱ्या सगळ्यांना दाखवला.

मी सरळ विचारलं, गोठा कधी दाखवणार? स्नेहल म्हणाली, पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारी कड्यावरचे पक्षी निघाले, रंगवल्यासारख्या चोचीचे, बुटके, बाळासोच्या सासऱ्यासारखे चालणारे. मग पुन्हा विचारलं. तर लढाईत समुद्राची वाट अडवायला बुडवलेली गंजकी जहाजं. मग दीपस्तंभ. मग खडकावर लोळणारे सील. बाहेर एवढा उजेड, रात्री दहा वाजता तिथं वाचता येतं म्हणे, आणि त्या उजेडात एक गोठा तेवढा दिसत नाही?

वर्षाराणी म्हणाली, "आत्ती, पावण्याला आपुन तरी काय दावतो? आधी अंबाबाई, मग रंकाळा, मग पन्हाळा. तसंच त्यो करतोय."

सासूला आत्ती म्हणायची आमच्याकडची रीत. वर्षाराणी शाळेत शिकवते, बोलते थोडं आणि मोजून.

"पावण्याला दावतो, वर्षे. सोयऱ्याला न्हाय. सोयऱ्याला आपुन गोठ्यात बसवून धार काढतो."

"तुमी लई ताणताय."

"पोरगी कुणाची हाय? तुजीच न्हवं?"

ती उठून आत गेली. रात्री जेवताना माझ्या ताटात तिनं न विचारता तुपाची वाटी ठेवली. मी काय समजायचं ते समजले. तिच्या पोटातही तेच होतं, फक्त तिनं ते माझ्या तोंडून बोलायला ठेवलं होतं.

ऑगस्टात त्यांच्या गावात सण आला. स्नेहलनं आदल्या दिवशीच सांगितलं, "आज्जी, उद्या धारा लवकर उरक. आमचा बेंदूर हाय."

आणि खरंच बेंदूरच होता की! फक्त सजवलेल्या बैलांच्या जागी पोरी. दहा-बारा वर्षांच्या आतल्या पोरी घोड्याचा साज घालून ओळीनं चाललेल्या. काळा कोट, त्यावर चमचम टिकल्या, आरसे, गळ्यात चामडी पट्टा, पायाला केसाळ खूर, मागं शेपूट. घुंगरांचा आवाज फोनमधनं आला तसा माझा कान टवकारला. आज्ज्यांनी शिवलेले साज नातींना येतात म्हणे. आमच्या बैलांच्या झुलीसुद्धा अशाच घरात राहतात, ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या घालून.

मग सगळा गाव वाळूवर गेला. समुद्र मागं हटलेला, ओली वाळू, आणि तिच्यावर दोऱ्या लावून चौकोन पाडलेले. एकेका पोराला एकेक चौकोन. पोराच्या हातात वीतभर नांगर, लाकडाचा, लोखंडाचा फाळ लावलेला, आज्यानं बापाला आणि बापानं पोराला दिलेला. गुडघे मोडून पोरं ती वाळू नांगरत होती. जीभ बाहेर, मान खाली. म्हातारे शेतकरी हात मागं बांधून तासं, नांगराच्या रेघा, बघत फिरत होते.

"भरती आली की सगळं पुसणार," स्नेहल म्हणाली.

"पुसू दे की. आपल्या मातीच्या बैलांचं तरी काय ऱ्हातंय?"

मी फोन जवळ घेऊन बघितलं. तिसऱ्या चौकोनातली तासं सरळ होती, एकाला एक लागून. मी म्हटलं, ह्यो जिंकणार. तो दुसरा आला. परीक्षकाला अक्कल कमी असेल.

मला बरं वाटत होतं. म्हणून मी लगेच कामाला लागले. "स्नेहे, आज समदा गाव तितं हाय. एरलंडची शेजारीण दाव मला."

"आज्जी, आता कशाला..."

"शेजारीण."

एरलंड जरा लांब कुणाशी बोलत होता. स्नेहलनं एका बाईला आणलं. जाड स्वेटर, पांढरे आखूड केस, गाल वाऱ्यानं लाल. माझ्याच वयाची. बघताक्षणी कळलं की ही खरं बोलणारी. मी विचारलं, "त्या घरात माणसं कशी हायत?"

स्नेहलनं विचारलं. बाई बोलायला लागली. बोलली, बोलली, हातानं डोंगराकडं दाखवलं, मान हलवली, एकदा छातीवर हात ठेवला, पुन्हा बोलली. एवढ्या वेळात माझी एका म्हशीची धार झाली असती.

"काय म्हणती?"

"चांगली माणसं हायत म्हणती, आज्जी."

"एवढंच? एवढं हात हलवून एवढंच?"

स्नेहलनं खाली बघितलं. माझ्या बाजूला बसलेल्या वर्षाराणीनं पदर सावरला. तिला इंग्रजी येतं हे पोरगी त्या घाईत विसरली होती.

"आत्ती," वर्षाराणी हळू म्हणाली, "बाई म्हणती, म्हातारा लई चांगला. गेल्याच्या मागल्या हिवाळ्यात त्येनं सगळी गुरं विकली. पाठीचं आपरेशन झालं, पोरगा बोटीवर, धारा काढनार कोन? पन गुरं गेली तरी म्हातारा रोज पहाटं उठून गोठ्यात जातोय. तिला खिडकीतनं त्येचा दिवा दिसतोय."

फोनमध्ये स्नेहलनं एरलंडला हाक मारली. एरलंड धावत आला. त्याच्या तोंडाचा रंग दाढीसारखा झाला होता. तो काहीतरी भराभर बोलायला लागला.

स्नेहल रडकुंडीला आली. "आज्जी, मीच त्येला सांगितलंतं, आमची आज्जी आधी गोठा बघती. त्येच्या पोटात भ्या बसलं. गोठा रिकामा दिसला की तू उठून जाशील. म्हणून त्यो दर रविवारी दुसरंच कायतर हुडकून आनायचा. मी म्हणलं, गुरं आली की दावू. येनार हायत, आज्जी, थोडी तरी..."

बाळासो माझ्याकडं बघत होता. वर्षाराणी माझ्याकडं बघत नव्हती.

मी एवढंच म्हटलं, "गोठा दाव."

एरलंड स्नेहलकडं बघायला लागला. तेवढ्यात मागनं एक हात आला आणि त्यानं फोनच काढून घेतला. मोठा, गाठाळलेला हात, अंगठ्याचं नख काळं पडलेलं. फोनमध्ये एक म्हातारा दिसला, डोक्यावर चपटी टोपी. नांगराची तासं बघत फिरणाऱ्यांतलाच एक. हा बाप. त्यानं मला नमस्कार-बिमस्कार काही केलं नाही. मान एकदा खाली केली आणि चालायला लागला.

फोन कसा धरायचा त्याला माहीत नव्हतं. मला आभाळ दिसलं, मग त्याचा बूट, मग दगडी बांध, मग पुन्हा आभाळ. गाडीत बसला. मागं स्नेहल आणि एरलंडचे आवाज. बऱ्याच वेळानं दाराची कडी वाजली. लोखंडाची, तेल घातलेली. अशी कडी करकरत नाही.

आत उजेड कमी होता. दगडी भिंती, चुना मारलेल्या, ताजा. जमीन धुतलेली, मधनं मोरी. दोन्हीकडं जनावरं बांधायच्या जागा, दगडी फरशीनं वेगळ्या केलेल्या, तसलीच फरशी जसले ते उभे दगड होते. दाव्याच्या साखळ्या खुंट्यांना, पुसलेल्या. पाण्याचं भांडं भरलेलं. कोपऱ्यात खराटा. वर तुळईला पाखराचं घरटं, त्याच्याखाली त्यानं पाटी ठेवलेली, घाण जमिनीवर पडू नये म्हणून.

जनावर मात्र एक नाही.

म्हातारा पहिल्या जागेपाशी थांबला. भिंतीवर हात ठेवला आणि एक शब्द बोलला. पुढच्या जागेपाशी गेला, हात ठेवला, एक शब्द. मला कुणी अर्थ सांगायची गरज पडली नाही. तो नावं घेत होता. तो शेवटच्या जागेपाशी आला तेव्हा जरा जास्त वेळ थांबला आणि मग ते नाव घेतलं.

मी उठले. गुडघा बोंबलला, बोंबलू दे. फोन हातात घेऊन आमच्या गोठ्यात गेले आणि पहिल्या म्हशीच्या कपाळावर हात ठेवून म्हटलं, "चंद्री." पुढं गेले. "राणी." पुढं. "सोनपरी, ही लाथ मारती." म्हातारा फोन अगदी तोंडाजवळ घेऊन बघत होता, मला त्याचा एक डोळा तेवढा दिसत होता. सोनपरीनं फोनच्या दिशेनं फुस्स केलं तसा तो पहिल्यांदा हसला.

आमचाही गोठा एकदा रिकामा झाला होता, जनावरांत लाळ-खुरकत आली त्या साली. आमच्या मालकांना, गणपतरावांना, मोकळी दावी बघवेनात म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं. माझ्या माहेरनं पुढं रेडी आली तेव्हा कडी गंजून उघडेना, घणानं तोडावी लागली. आत कोळिष्टकं, उंदीर, एक धामण. गणपतराव वाईट माणूस नव्हते. जित्राब गेल्यावर घरातली माणसं अशीच करतात. ह्या म्हाताऱ्यानं तसं केलं नव्हतं. पाठ मोडलेली असताना पाणी भरून ठेवत होता. कुणासाठी? कुणी यायचं होतं म्हणूनच ना?

"स्नेहे," मी म्हटलं, "त्येला सांग, घरातलं पाणी पी म्हणावं एक भांडं. माझ्या वाटचं."

म्हाताऱ्यानं भिंतीला बसवलेली तोटी उघडली, तिथलाच पेला भरला, मला दाखवून प्याला. घटाघटा. मी इकडं घरात येऊन आमच्या माठातलं तांब्याभर प्यायले. झालं, घर बघून झालं.

मग मी एरलंडला पुढं बोलावलं. तो दारात उभा होता, बोटीवर एवढ्या लाटा झेलणारा गडी, आणि हात कुठं ठेवावे कळत नव्हतं. मी खाटेवर बसले, पदर डोक्यावर घेतला. बाळासो जवळ सरकला. स्नेहल तिकडं पुढं आली भाषांतर करायला, तर मी तिला थांबवलं.

"तू न्हाय. तू छाटतीस. वर्षे, तू सांग. मी बोलंल तेवढं समदं सांगायचं, गोड करायचं न्हाय."

वर्षाराणीनं डोळे पुसले आणि शाळेत बसते तशी ताठ बसली.

मी त्या पोराकडं बघून मोठ्यांदा म्हटलं, "हे बघा पावणं. तुमच्या बानं जे मला घटकाभरात दावलं, ते तुमी एवढं रविवार झाकून ठेवलंत. गुरं इकली ह्येची लाज न्हवती, ती आमच्यातबी इकावी लागत्यात. लाज ह्येची की तुमी अशा बाचा गोठा दगडांच्या माघारी दडवला. पुन्यांदा माझ्या पोरीपासनं काय दडवलंत, तर गुडघं मोडलं तरी मी समुद्र वलांडून यीन. आता ऐका. पोरगी दिली. ह्या दिवाळीच्या पाडव्याला हितं यायचं. आमी म्हशी रंगवतो, शिंगाला मोरपिसं लावून गावातनं फिरवतो, त्ये बघायचं. त्येच्या आधी माझ्या गोठ्यात शेणात पाय घालायचा, आन शेजारच्या अंबूबाईला इचारायचं मी कशी बाई हाय. ती वंगाळच सांगंल, तरी इचारायचं. आन येताना बाला घिऊन या. दगडं तिथंच ऱ्हाऊ द्यात."